सोमवारचं भजन आणि माझ्या नातीचे कान

श्रावणातल्या एका सोमवारनंतर माझ्या नातीनं माझं गाणं ऐकणं सोडलं. मी नुसता घसा खाकरला तरी ती हातातलं टाकून आतल्या खोलीत जायची आणि कडी घालायची. कारण मीच होतो. घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं. मला मात्र ते कळायला कानात मशीन घालावं लागलं.

आमचं भजनी मंडळ शुक्रवार पेठेतल्या एका मठात दर सोमवारी संध्याकाळी बसतं. पेटी माझ्याकडं आणि सांगणंही माझ्याकडं. म्हणजे कुणी कुठं बसायचं, कुणी कधी गायचं, हे मी सांगणार. मंडळातले झाडून सगळे मागावरचे. आधी मिलमध्ये होतो, मिल बंद पडली तसे यंत्रमागावर गेलो, टॉवेल आणि चादरी काढल्या. मी चौथीतनं उठलो तो थेट मागावर. त्या खडखडाटात बोलणं म्हणजे ओरडणं, नाहीतर हातवारे. कान सगळ्यांचेच गेलेले, पण कबूल कोण करतो? बायको हयात होती तेव्हा हाका मारून दमायची, आणि मी वर तिलाच म्हणायचो, "तूच तोंडातल्या तोंडात बोलतीस."

अशा माणसांच्या हाती मठाचा अॅम्प्लिफायर. एक म्हणणार पेटी ऐकू येत न्हाय, वाढव. दुसरा म्हणणार झांज कुटं गेली, वाढव. एकोचं बटण तर शेवटपर्यंत फिरवून ठेवलेलं. एको म्हणजे एकदा म्हटलेला शब्द मागनं पुन्हा पुन्हा येतो, रिकाम्या विहिरीत तोंड घालून ओरडल्यासारखा. आम्हाला ते लई भारी वाटायचं. गल्लीतनं कुणी आवाज कमी करा म्हणायला आलं की मी म्हणायचो, "देवाचं नाव हाय, तमाशा न्हाय." तो बिचारा मान खाली घालून जायचा. मी पेटीचा भाता अजून जोरात ओढायचो.

पखवाजावर माझा दोस्त. तो तेलुगू. मी त्याला बावा म्हणतो, त्यांच्यात मेव्हण्याला तसं म्हणतात. तो मला अण्णा म्हणतो. आमचं पटतं त्याचं कारण एवढंच, की दोघांनाही एकमेकांचं निम्मंच ऐकू येतं. हे तो सगळ्यांना सांगत फिरतो.

आता नातीचं सांगतो. ती लहान असतानाच डॉक्टरांनी ऑटिझम सांगितला. सून विशेष मुलांच्या शाळेत तिला घेऊन जाते, तिथं स्वतःही शिकून आली. मी म्हणायचो, डॉक्टरांचा धंदा हाय, पोरगी अबोल हाय एवढंच. बोलते कमी. एखादं वाक्य आवडलं, नाहीतर टोचलं, की तेच दिवसभर म्हणते, ज्यानं म्हटलं त्याच्याच आवाजात. गर्दी सोसत नाही, कुकरची शिट्टी सोसत नाही. पण गाणं तिला लागायचं. सकाळी मी ज्वारी निवडत गुणगुणायचो, तर ती उंबऱ्यावर माझ्याकडं पाठ करून बसायची. माझी पदं ठरलेली, त्यांचा क्रमही ठरलेला. मी एखादं पद गाळलं की पाठ न वळवता म्हणायची, "अज्जा, चूक." मग मागं जाऊन ते म्हणावं लागायचं. मंडळात माझी चूक काढायची कुणाची छाती नव्हती. हिनं काढली की मला बरं वाटायचं.

म्हणूनच मला वाटलं, हिला मठात न्यावं. श्रावणी सोमवार होता, मठ भरलेला असणार. माझी नात पहिल्या रांगेत बसून भजन ऐकतेय, हे लोकांनी बघावं. तिला वेडी म्हणणाऱ्यांनी बघावं. हे मी तेव्हा कुणाला बोललो नाही, पण मनात तेच होतं.

सून म्हणाली, "मामा, तिला तिथला आवाज सोसायचा नाही. आम्ही मागं, दाराजवळ बसतो. मधेच उठावंसं वाटलं तर उठू द्या."

"माझी नात चपलांजवळ बसणार?"

"चपलांजवळ नाही, दाराजवळ. आणि ती कानावरची टोपणं घालेल."

ही टोपणं म्हणजे दोन्ही कान झाकणारी, निळी, डोक्यावरनं पट्टी असलेली. आवाज अडवतात. शाळेतनं सांगितलं म्हणून माझ्या मुलानं आणली होती. मुलगा टेंभुर्णीला नोकरीला, शनिवार-रविवारी घरी. बाजारात जाताना, रिक्षात बसताना ती घालायचीच.

आमच्या मंडळात एक रीत आहे. गजर सुरू झाला की संपेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही. लघवीला लागली तरी नाही. ही रीत माझ्या आधीपासनंची, पण कडक केली मी. आणि मठात शिरताना अंगावरचं काय काय बाहेर ठेवायचं ते आम्ही जाणतो. चप्पल बाहेर, कातड्याचा पट्टा बाहेर. त्या दिवशी सून चपला काढायला वाकली होती. मी नातीचा हात धरला, आणि उंबऱ्यातच तिच्या कानावरची टोपणं काढून सदऱ्याच्या खिशात घातली. म्हणालो, "देवापुढं कान उघडे पायजेत की." मला ते चप्पल काढण्यासारखंच वाटलं. पायातलं काय आणि कानातलं काय.

तिला पहिल्या रांगेत बसवलं, स्पीकरच्या बॉक्सच्या अगदी समोर. ती मानाची जागा. सून आत येईतो गर्दी झाली होती, तिला मागं बायकांत जागा मिळाली.

पहिली पदं बरी गेली. म्हणजे मला बरी वाटली. मग गजराला तोंड फुटलं. झांजा वाढल्या, बावा पखवाजावर तुटून पडला, लोक टाळ्या पिटायला लागले. नात पुढं-मागं झुलायला लागली. मी मनात म्हटलं, पोरगी रंगली. मग तिनं दोन्ही हातांनी कान दाबले. मग डोकं गुडघ्यावर आपटायला लागली. सून बायकांच्या रांगेतनं उठली, माणसं ओलांडत आली, तिला उचलायला लागली. नात हातपाय झाडत होती. सून तिचे कान झाकत होती आणि चोहीकडं बघत काहीतरी शोधत होती.

गजर चालू असताना कुणी उठलं होतं. ती माझी सून होती. सगळा मठ बघत होता. मी पेटीवरचा हात न काढता माईक जवळ ओढला आणि म्हणालो, "ज्यांना देवाच्या नावाचा त्रास होतो त्यांनी घरी बसावं."

एको चालू होता. "घरी बसावं... बसावं... सावं..." लोक हसले. मला वाटलं, चांगलं बोललो. सून नातीला कवेत घेऊन बाहेर गेली. गजर मी पुरा केला.

घरी गेलो तर नात झोपली होती आणि सून भाकरी करत होती. ताट वाढलं, पाणी ठेवलं. मी वाट बघत होतो की ही काही बोलेल आणि मग मी दोन सुनवीन. तिनं एवढंच विचारलं, "मामा, तिची टोपणं कुठंयत?"

मी खिशातनं काढून दिली. तिनं पदरानं पुसली आणि आत नेऊन ठेवली.

भजनभर ती माझ्याच खिशात होती. सून काय शोधत होती, हे मला तेव्हा दिसत होतं. मी गुडघा हलवला तरी खिशात टोचत होती. तरी मी माईकवरनं तसं बोललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्वारी घेऊन बसलो आणि पहिलं पद धरलं. नात स्वयंपाकघराच्या दारात आली. माझ्याकडं न बघता, माझ्याच आवाजात म्हणाली, "घरी बसावं. बसावं. सावं." एकोसकट. मग आत गेली आणि कडी घातली.

रोज असंच. मी थांबायचो नाही, उलट मोठ्यानं म्हणायचो. मनात घोळवायचो, आमी मागाच्या खडखडाटात हयात काढली, आमाला काय झालं? सुनेनं लाड करून ठेवलेत. मुलाला तसं बोललोही. तो म्हणाला, "तुम्हाला काय झालं ते आख्ख्या गल्लीला ऐकू येतंय, दादा." मी त्याच्याशी बोलणं टाकलं. काही दिवसांनी माझं पदं म्हणणंही आपोआप बंद पडलं. ज्वारी मुकाट्यानं निवडायला लागलो.

पुढं बाजारात जाताना मागनं आलेल्या टेम्पोचा हॉर्न मला ऐकू आला नाही, थोडक्यात वाचलो. मुलानं धरूनच नेलं कानाच्या डॉक्टरकडं, आणि माझ्या कानात मशीन आलं. लई तणतणलो. मशीन म्हणजे म्हातारपण, असं माझं म्हणणं.

घातलं त्या दिवशी घरात बसून राहिलो. भाकरी थापताना आवाज होतो, हे मी विसरून गेलो होतो. सुनेच्या बांगड्या वाजत होत्या. आतल्या खोलीतनं नात स्वतःशीच हळू आवाजात काहीतरी गात होती. कान देऊन ऐकलं. माझीच पदं होती, माझ्याच क्रमानं. मी जवळ नसताना ती पदं म्हणत होती. मी खोलीजवळ गेलो, माझ्या पायांचा आवाज झाला, आणि ती गप्प झाली.

सोमवारी मशीन घालूनच मठात गेलो. मंडळाला दाखवायचं होतं, लाजायचं काय त्यात. बावा म्हणाला, "अण्णा, आता तुझ्यामागं बोलायची सोय न्हाय राहिली की." सगळे हसले. भजन सुरू झालं. पहिल्या पदालाच माझे दात आवळले गेले. गजर सुरू झाला आणि शेजारची झांज वाजली. ते मी कसं लिहू? कानातनं डोक्यात सळई घालून फिरवल्यासारखं झालं. एकोमुळं एक संपायच्या आत दुसरं. शब्द तर कळतच नव्हते. उठून पळावंसं वाटलं, पण गजरात उठायचं नाही, ही माझीच रीत. मी कानातनं मशीन ओढून काढलं आणि सदऱ्याच्या खिशात घातलं. लगेच बरं वाटलं.

आणि खिशातला हात तिथंच राहिला. मला काढता आलं. तिला काय काढता येणार होतं, तिचे ते कान होते. आणि त्यांच्यावरचं होतं ते मी काढून याच खिशात घातलं होतं. पेटी तशीच उघडी टाकून मी बसून राहिलो. बावानं डोळ्यांनी विचारलं, काय? मी मान हलवली.

बाहेर आल्यावर त्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, म्हणजे त्याला ऐकू येईल असं मी ओरडून सांगितलं. तो म्हणाला, "त्या दिवशी पोरगी साकु, साकु म्हणत होती. माझ्या पुढ्यातच तर होती. तोंडावरनं कळलं मला."

साकु म्हणजे पुरे. आमच्या घरात निम्मं कानडी. ताटात नको असलं की ती तेच म्हणते.

"मग तू का न्हाय थांबलास?"

"तू थांबलास का? तू थांबल्याबगर मंडळात कोण थांबतंय?"



सुनेपाशी जायला मला बरेच दिवस लागले. चूक झाली, हे शब्द माझ्या तोंडातनं निघत नाहीत. बायकोलाही कधी म्हणालो नाही. शेवटी मी वेगळ्याच वाटेनं गेलो. म्हणालो, "अशा पोरांना ऐकता येईल असं भजन करायचं झालं, तर कसं करावं लागेल?"

ती कपडे घड्या करत होती. "कशासाठी, मामा? लोकांना दाखवायला?"

लागलं. लागायलाच हवं होतं. मी म्हटलं, "न्हाय. सांग तू."

मग तिनं सांगितलं. स्पीकर नको, एको तर नकोच. झांज नको, टाळ हळू. मठातली एक ट्यूब फडफडते, ती बंद करायची, त्या फडफडण्याचाही त्रास होतो. दारं दोन्ही उघडी. ज्याला उठायचं तो उठेल, फिरायचं तो फिरेल, आडवं व्हायचं तो आडवा होईल, कुणी डोळे वटारायचे नाहीत. मागची खोली रिकामी ठेवायची, फार झालं तर तिथं जाऊन बसता येईल. कुठलं पद कशानंतर, ते आधी सांगायचं आणि मग बदलायचं नाही. टाळ्या नकोत. शेवटी गजर नको. आणि टोपणं कुणीही काढायची नाहीत. हे शेवटचं ती माझ्याकडं बघून म्हणाली.

मंडळात सांगितलं तर बोंबाबोंब. गजराशिवाय भजन म्हणजे काय? उठून फिरणार म्हणजे काय, एसटी स्टँड हाय का? बावाची अडचण खरी होती. "स्पीकर बंद केला तर मला पेटी ऐकू येणार न्हाय, अण्णा. मी ठेका कुणाला धरून देऊ?" आम्ही आजवर गोल बसलोच नव्हतो, लोकांकडं तोंड करून ओळीनं बसायचो. मी म्हटलं, आता एकमेकांकडं तोंड करून बसू, माझ्या बोटांकडं बघ. मागावर हातवाऱ्यांनी बोलायचो तसं. ते त्याला पटलं. महिन्यातला एक सोमवार ठरला. दोघांनी मंडळ सोडलं. सोडा म्हणालो.

पहिल्या वेळी सुनेनं शाळेतल्या ओळखीच्या मुलांच्या आयांना मुलांसकट बोलावलं. एक उंच जवान पोरगा आला. तो भजनभर भिंतीला हात लावत मठाच्या चकरा मारत होता, आणि दर चकरेला बावाच्या पखवाजाला एक बोट लावून पुढं जायचा. बावा पहिल्यांदा दचकला, मग त्याच्यासाठी पखवाज थोडा पुढं सरकवून बसला. एक बाई मधूनच मोठ्यानं हसायची. तिची म्हातारी आई प्रत्येक वेळी तिचं तोंड दाबायला जायची आणि आमच्याकडं भिऊन बघायची. मी पदातच मान हलवून सांगितलं, असू दे. जाताना ती म्हातारी मला म्हणाली, बाहेर कुठं हिला घेऊन बसले, असं आजवर झालं नव्हतं. माझ्या पाया पडायला वाकली. मी मागं सरकलो. हिच्यासारख्याच एका आईला मी माईकवरनं घरी बसायला सांगितलं होतं.

गाणं कसं झालं म्हणाल, तर दोनदा ठेका सुटला. पण शब्द कळत होते. इतक्या वर्षांत मी आमचे शब्द ऐकलेच नव्हते.

नात आली नाही. सून एकटीच आली होती, मुलानं रजा काढली होती, नात त्याच्यापाशी घरी. मी विचारलं तर सून म्हणाली, "विचारलं मी तिला. म्हणाली, अज्जा ओरडतो."

मठाच्या वडीलधाऱ्यांना हे सगळं पसंत पडलं. पुढच्या महिन्यात माझ्या अंगावर शाल घातली, नारळ दिला, चार शब्द बोलले. किती मोठं मन, म्हणाले. सून मागं सतरंज्या गुंडाळत होती. तिचं नाव घ्यायचं माझ्या जिभेवर आलं होतं आणि मी ते गिळलं. का गिळलं, मला सांगता येत नाही. शाल अंगावर छान बसली होती. मठाच्या पायऱ्या उतरताना बावा म्हणाला, "शाल झ्याक हाय की अण्णा. कुणाची हाय?" घरी सून म्हणाली, "घालायच्या आधी वेगळी धुवा, मामा. नव्या शालीचा रंग जातो." ती शाल मी अजून अंगावर घेतलेली नाही, आणि सुनेला दिलेलीही नाही.

नातीचं कसं करावं ते कळेना. एकदा सूनच म्हणाली, "तिच्याशी सरळ बोला. तिला सरळ सांगितलेलं कळतं. आडून आडून बोललेलं कळत नाही."

मी आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसलो. नात खिडकीकडं तोंड करून होती. मी म्हटलं, "मी तुझी टोपणं काढून घेतली. खिशात ठेवली. तू साकु म्हणत होतीस, मी थांबलो न्हाय. माईकवर वाईट बोललो. चूक झाली. आता टोपणं कुणी काढणार न्हाय. मठात स्पीकर लावत न्हाय."

सून दाराआड उभी होती, हे मला मशीनमुळं कळत होतं. तिच्या बांगड्या हलल्या. चूक झाली, असं मी तिलाही म्हणायला हवं होतं. त्या दिवशी तेवढंच निघालं.

नात म्हणाली, "स्पीकर लावत न्हाय." माझ्याच आवाजात. ती मान्य करत होती की नुसतं परत म्हणत होती, मला कळलं नाही.

पुढच्या त्या सोमवारी ती आली. टोपणं कानावर, आईचा हात धरून. आम्ही गोल बसलो होतो. ती कुणाकडं बघेना. आमच्या मधनं सरळ कोपऱ्यात गेली, जिथं अॅम्प्लिफायर ठेवतो. बटणाला हात लावून बघितला. मग त्याच्या वायरमागनं चालत भिंतीपाशी गेली. पिन आम्ही काढूनच ठेवली होती, वायर खाली लोंबत होती. तिनं ती पिन उचलली, मुठीत धरली आणि तिथंच भिंतीला टेकून बसली.

बावानं माझ्याकडं बघितलं. मी पहिलं पद धरलं. पेटी हळू, आवाज हळू. ती खिडकीकडं बघत होती. मधे एकदा उठली, वायर पुरेल तेवढी दारापर्यंत गेली, परत येऊन बसली. पिन सोडली नाही. शेवटचं पद झालं, लोक उठले, तेव्हा सुनेनं हळूच तिच्या मुठीतनं ती सोडवून घेतली.

आता ती दर महिन्याला येते. आली की आधी कोपऱ्यात जाते आणि पिन हातात घेते. टोपणं घालून तिला किती ऐकू येतं, मी विचारलेलं नाही. सकाळी मी पदं म्हणायला लागलोय, ती खोलीतच असते, पण कडी घालत नाही. मागं एकदा मंडळातला एक जण हसत म्हणाला, "पोरगीला सांगा की, आता आमच्यावर भरवसा ठेव म्हणावं." मी त्याला म्हटलं, पिन धरू दे तिला.